लोणच्याच्या ५० बरण्यांसाठी छान लेबलं स्वस्तात कशी करून घ्यायची?

५० साठी ऑफसेटच्या (धातूची प्लेट बनवून करतात ती मोठ्या संख्येची छपाई) नादाला लागू नका, प्लेटचाच खर्च अंगावर येतो. डिजिटल प्रिंटवाल्याकडे १२ बाय १८ इंची स्टिकर शीट मिळते, त्यावर अडीच बाय चारची १६ लेबलं आरामात बसतात, म्हणजे ४ शीटमध्ये काम झालं आणि १४ जास्तीची हातात राहतात. हाफ कट (फक्त वरचा स्टिकर कापला जातो, मागचा कागद अख्खा राहतो) करून घ्या, नाहीतर कात्रीने कापत रात्र जाते. कागदी स्टिकर मात्र लोणच्याला नकोच, माझ्या आईच्या बरण्यांवर तेलाचा ओघळ आला आणि दोन दिवसांत कैरीचं चित्र पारदर्शक झालं, इतकं वाईट वाटलं! न फाटणारी शीट किंवा वरून लॅमिनेशन घ्याच. तारीख-बॅचसाठी जागा कोरी ठेवा, मार्करने लिहिता येते.