इटलीतल्या तुरीनची, एटीपी फायनल्स या वर्षअखेरच्या टेनिस स्पर्धेची मॅच बघायला बसतोयस ना?

हे बघ, नोव्हेंबरात इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे तिथली रात्री साडेआठची सिंगल्स आपल्याकडे मध्यरात्री एकला. आणि आधीची डबल्स लांबली तर त्याहूनही उशिरा! मी एकदा साडेतीन तासांचाच हिशोब धरला आणि तासभर उगाच जागत बसले. तेव्हा संध्याकाळी डुलकी काढून घे, थर्मासमध्ये चहा भरून ठेव.

आपण बालेवाडीला उघड्या कोर्टावर मॅचेस बघितल्या, तिथे वारा, ऊन सगळंच मध्ये यायचं. इनडोअरला तसं काही नाही. सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू हलत नाही, त्यामुळे सर्व्हिस मोडणं, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं, महाकठीण. तुझ्या लाडक्याला रिटर्नवर चारदोन पॉइंट मिळेनात म्हणून लगेच कपाळाला हात लावू नकोस. सेटमध्ये ४-४ गेम झालेत आणि पुढच्या गेममध्ये ३०-३० पॉइंट झाले की मात्र चहाचा कप खाली ठेव. खरा खेळ तिथे असतो.

आणि हरला तरी टीव्ही फोडू नकोस, बाबा. इथे आठ जण, चारचारचे दोन गट. पहिली मॅच गेली तरी सेमीफायनल गाठता येते. मात्र हरतानाही एक सेट काढला का ते बघ, पुढे गटात जिंकलेल्या मॅचेसची बरोबरी झाली तर तोच सेट कामी येऊ शकतो.

शेजारी झोपलेले असतात, एवढं लक्षात ठेव.