विचारा, सांगते : खडकीच्या लढाईची कागदी काडतुसं

प्रश्न : येत्या 5 नोव्हेंबरला आमचा शाळासोबत्यांचा गट मैदानावर खडकीच्या लढाईचा प्रवेश करणार आहे. बंदुकांचे दस्ते लाकडी आहेत, नळीला जिन्याच्या रेलिंगचा पाइप लावलाय. शिपाई दातानं काडतूस फोडून बंदूक ठासतात, ते खरं वाटायला हवं. काडतुसं घरी कशी करायची? आमच्यातला एक जण म्हणतो, सुतळी बॉम्बमधली थोडी दारू भरली तर बारही निघेल. भरावी का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, अजिबात भरू नका. आवाजी फटाक्यातली दारू बंदुकीच्या काळ्या दारूसारखी जळत नाही. तिच्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते आणि कोंडलेल्या जागी ती एका झटक्यात फुटते. रेलिंगचा पाइप म्हणजे पत्रा वळवून जोडलेली नळी. ती फाटली तर धरणाऱ्याचा हात आणि गाल दोन्ही तिच्याजवळच असतात. आणि खऱ्या दारूचं, खऱ्या ठासणीच्या बंदुकीचं म्हणाल, तर 1959 चा शस्त्र कायदा आहे, 1884 चा स्फोटक कायदा आहे. परवान्याशिवाय त्या वाटेला जायचं नाही. तुमच्या मित्राला आजच सांगा आणि फटाके सोलायला बसू देऊ नका.

आता काडतूस. ऐतिहासिक नाटकांची प्रॉपर्टी करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि मला विचाराल तर त्या काळची बंदूक बारापेक्षा शिपायाच्या हातांतून जास्त दिसते. हात बरोबर चालले की प्रेक्षक श्वास रोखून बघतात.

कागद आधी नीट निवडा. वह्यांना घालायचं चकचकीत खाकी कव्हर नको, त्यावर प्लास्टिकचा थर असतो, दातानं फाटत नाही. वर्तमानपत्र नको, शाई ओठाला लागते आणि मागच्या रांगेलाही मथळे दिसतात. अप्पा बळवंत चौकात पातळ, बिनचकाकीचा बदामी कागद मिळतो, तो घ्या. बोटात धरून फाडून बघा. चर्र आवाज करत एका दमात फाटला पाहिजे.

कागदाची खालची बाजू सरळ ठेवायची, तिच्या समोरची वरची तिरपी कापायची. उभी लांब बाजू 15 सेंटिमीटर, तिच्या समांतर आखूड बाजू 8, आणि खालची रुंदी 14. बुरूड आळीतून अंगठ्याएवढ्या जाडीचा, साधारण 18 मिलिमीटरचा गुळगुळीत दांडा आणा. लांब बाजू दांड्याला लावून गुंडाळत जा, तिरपी कड बाहेर शेपटासारखी वळत येते आणि कागदाचे अडीच वेढे बसतात. एका टोकाला कागद दांड्याच्या थोडा पुढे ठेवून दोऱ्यानं आवळा. मग दांडा ओढून घ्या, आत नाचणी भरा आणि वरचं शेपूट किराण्याच्या पुडीसारखं दुमडून बंद करा. डिंक लावू नका, लागत नाही. खऱ्या काडतुसात दोऱ्याच्या टोकाला शिशाची गोळी असे. तुमच्यात गोळी नको, शिसं तर तोंडाजवळही नको.

नाचणीच का? दाणा बारीक, गडद, झरझर ओतला जातो आणि तोंडात गेला तरी चालतो. पीठ मात्र कधीही भरू नका. हवेत उडालेलं पीठ ज्योतीजवळ पेटतं, आणि तुमच्याकडे मशाली असणारच. प्रयोग झाला की बंदुका उलट्या करून झटका, नाहीतर आठवड्यात नळीत मुंग्या.

आता हात. खरा शिपाई काय करी ते सांगते, तुमच्याकडे दारूच्या जागी नाचणी आणि गोळी नाहीच. बंदुकीचा घोडा अर्धा चढवायचा. तोसदानातून, म्हणजे कमरेच्या चामडी पेटीतून, काडतूस काढायचं, शेपूट पुढच्या दातांनी फाडून थुंकायचं. चिमूटभर दारू कानात, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीत, टाकायची. हीच रंजक. झाकण मिटायचं, दस्ता जमिनीवर टेकवायचा, उरलेली दारू नळीत, मागोमाग कागद आणि गोळी, मग गज, म्हणजे ठासायची सळई, उपसून ठासायचं आणि गज जागेवर घालायचा. तरबेज शिपाई मिनिटाला तीन वेळा हे करी. दारूतल्या सोऱ्यानं तोंड कोरडं पडे, ओठ काळे होत. तुमच्या शिपायांच्या ओठांना थोडं काजळ लावा, लढाई रंगत जाईल तसं वाढवा. परदेशात परवानगीनं खरे बार काढणारे बरेच गट कागद नळीत ठासत नाहीत, गजही उपसू देत नाहीत, कारण विसरलेला गज बाणासारखा सुटतो. तुमच्याकडे दारूच नाही, तेव्हा गज खुशाल वापरा. नेम मात्र डोक्यांच्या वर.

एक गोष्ट कळकळीनं सांगते : सगळ्यांच्या हाती काडतूस देऊ नका. 1817 ला खडकीवर काडतुसं होती ती इंग्रजांच्या पलटणींकडे आणि दुसऱ्या बाजीरावाच्या बाजूनं लढलेल्या पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या कवायती पलटणीकडे. पेशव्यांच्या अरब शिपायांकडे तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं उडवायच्या बंदुका. त्यांच्या हाताला जळती जामगी, म्हणजे तीच वात, आणि कमरेला बारुदाचं शिंग हवं. हा फरक मैदानावर दिसला तर ती लढाई पाहणाऱ्याला कळेल. पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचं घोडदळ एकटंच लढलं नाही, आणि पिंटो तर आपल्या बहुतेक प्रवेशांतून गायबच असतो.

बाराचा आवाज स्पीकरवरून द्या, धूर यंत्रातून. आवाज जोडणाऱ्याला सांगा की चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणाऱ्या बंदुकीत एकच धडाम नसतं. आधी घोड्याची खट्, मग कानातल्या रंजकाची फुस्स, मग बार. मधली क्षणभराची फट ठेवलीत की खरा बार वाटतो.

प्रश्न : याच काडतुसांना चरबी लावायचे ना? आम्ही एक शिपाई तोंड वाकडं करून नकार देताना दाखवतोय.
– त्याच गटातली एक मैत्रीण

उत्तर : तो प्रसंग काढून टाका. चरबीचा वाद 1857 चा आणि 1853 च्या एनफिल्ड रायफलचा. तिच्या नळीत आतून आटे, म्हणजे पिळदार खाचा होत्या, गोळी घट्ट बसे, म्हणून काडतुसाला वंगण लागे. खडकीच्या वेळची इंग्रजांची ठासणीची बंदूक, ब्राऊन बेस, गुळगुळीत नळीची, तोंड सुमारे 19 मिलिमीटर आणि गोळी साडेसतराच्या आसपास, ती सैल उतरे. तुमच्या शिपायाला नकार द्यायचं कारणच नाही. त्याला रांगेत उभा करा आणि काडतूस फाडू द्या.