अरेंजर कीबोर्डवर एकट्याने गाताना-वाजवताना टेम्पो चटकन कसा लावावा?

कडव्यातली सगळ्यात गच्च शब्दांची ओळ मनात गुणगुणा (मुखडा नको, तो जवळपास कुठल्याही वेगात बसतो) आणि त्याच लयीत टॅप टेम्पोचं बटण दाबा. यामाहाच्या बऱ्याच मॉडेल्सवर स्टाइल (कीबोर्डची तयार ताल-साथ) थांबलेली असताना ४/४ मध्ये, म्हणजे चार मात्रांच्या तालात, चार टॅप दिले की ती त्याच वेगात सुरूच होते, आकडा शोधत बसावं लागत नाही.

नेहमीच्या गाण्यांचा टेम्पो मात्र आधीच रजिस्ट्रेशन मेमरीत (कीबोर्डची सेटिंग्ज साठवून एका बटणावर परत आणायची सोय) टाकून ठेवा. एक खोच: थांबलेल्या कीबोर्डवर स्टाइल बदलली की बहुधा तिचा स्वतःचा टेम्पो येतो. स्टाइल बदलली तरी आधीचा टेम्पो तसाच ठेवणारी टेम्पो लॉक किंवा होल्डची सोय असेल तर ती चालू करा. स्टेजवर चढल्यावर हात आपोआप घाई करतात, म्हणून मी तरी टॅपपेक्षा सेव्ह केलेल्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवतो.