मौजे म्हणजे मौजमजा नव्हे हो!

प्रश्न असा आलाय: "निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे अशी दोन गावं आहेत. मौजे हा शब्द मौज वरून आला का? आणि हे बुद्रुक-खुर्दसारखंच लहान-मोठं आहे का?"

नाही, मौजेचा मौजेशी काही संबंध नाही. ती गंमतवाली मौज वेगळी, तिचा अरबीतला अर्थ लाट. आणि पत्रिकेवर "मोजे अमुकतमुक" छापणाऱ्यांना तर हात जोडून विनंती, मोजे पायात घालतात, गावाच्या नावामागे लावत नाहीत. दर लग्नसराईत दोन-तीन तरी दिसतातच.

मौजे म्हणजे साधं खेडं, शेतीचं गाव. कसबे म्हणजे बाजारपेठ असलेलं. मौजात पाटील-कुलकर्णी असले की भागायचं, कसब्यात पेठेसाठी वर शेटे-महाजन पण. सांगलीजवळ मौजे डिग्रज आणि कसबे डिग्रज अशीच जोडी आहे. झालं, एवढंच.

आता खरी मजा. मूळ अरबी शब्द मौज़ा, म्हणजे ठिकाण, आणि तो ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ ठेवणे. त्याच धातूचं दुसरं पोर आपल्याकडे शाळेत भेटतं: वजा! खाली ठेवलं, काढून ठेवलं, म्हणजे कमी केलं. म्हणजे सातबाऱ्यावरचं मौजे आणि तिसरीतली वजाबाकी सख्ख्या बहिणी (बाकी पण अरबीच, पण तिचं घराणं वेगळं). मला हे कळलं तेव्हा दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, घरचे वैतागले.

आणि तो शेवटचा ए? एक मास्तर मला ठासून सांगत होते की मौजे हे आदरार्थी बहुवचन आहे, श्री लावतो तसं. अहो, खेड्याला कोण अहोजाहो करतं? माझ्या मते हा सरळसरळ फारसीतला जोडणारा ए आहे, मौज़ा-ए-सुकेणे, म्हणजे सुकेणे हे गाव. कसबे पण तसंच, आणि किल्ले रायगड पण! किल्ला एकच आहे तरी किल्ले का म्हणतात, म्हणून लोक गोंधळतात आणि मग कोणीतरी शहाणा पाटीवर "किल्ला रायगड" अशी दुरुस्ती सुचवतो. दुरुस्ती कसली, तिनशे-साडेतिनशे वर्षांची वहिवाट आहे ती. खुद्द महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द काढवले, तरी मौजे काही हललं नाही, तलाठ्याच्या दप्तरात अजून ठाण मांडून बसलंय. जुन्या कागदात "मौजे मजकूर" दिसलं तर ते मजकूर नावाचं गाव नव्हे बरं का, मजकूर म्हणजे वर सांगितलेलं.

अरे हो, बुद्रुक-खुर्द राहिलंच. फारसी बुज़ुर्ग म्हणजे थोर, वडील, त्याचं आपण बुद्रुक केलं, खुर्द म्हणजे धाकटं. बृहत् वरून बुद्रुक काढणाऱ्यांनी मग खुर्दचं संस्कृत पण काढून दाखवावं, उगाच क्षुद्र वगैरे सांगू नका, उत्तरेत हेच खुर्द कलाँ च्या जोडीने येतं आणि कलाँ म्हणजे फारसीत मोठं. तेव्हा हा प्रकार वेगळा, बुद्रुक-खुर्द आकारावरून आणि मौजे-कसबे बाजारावरून. सुकेण्याच्या रेल्वे स्टेशनला नाव मात्र कसब्याचंच मिळालंय.