होय म्हणजे होय

बाळा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. जवळजवळ सगळं पत्र एकाच प्रश्नावर आहे: नोकरी सोडून पवित्र शास्त्राचं शिक्षण घ्यायला जावं का? ऑफिसात देवाचं गौरव होत नाही, दिवस फोन घेण्यात आणि ऑर्डरी नोंदवण्यात जातो, जेवणाच्या सुट्टीत सुवार्तेचा विषय काढायला जीभ रेटत नाही. आणि मध्येच, जाता जाता, एक वाक्य: ‘माल निघालेला नसला तरी निघालाय असं सांगावं लागतं, पण तो कामाचाच भाग आहे.’ पुढच्या ओळीत तू पुन्हा देवाच्या पाचारणाकडे वळलास.

मी त्या वाक्यापाशीच अडकले. तुला वाटतं, देवाचा मान राखायची जागा पुढे कुठेतरी आहे, वेदीच्या जवळपास, आणि तिथे पोचायची वाट तू मला विचारतोयस. अरे, ती जागा त्या फोनवर होती. ती ओलांडून तू पुढे गेलास.

तू मंडळीत वाढलेला मुलगा. बोलणं असो की करणं, सगळं प्रभू येशूच्या नावाने करा, हे कलस्सैकरांस पत्रातलं वचन तुला तोंडपाठ आहे, तुझ्या स्टेटसवरही ते अधूनमधून झळकतं. मग ‘हो हो, माल सकाळीच निघालाय’ हे वाक्य प्रभू येशूच्या नावाने म्हणून बघ. मोठ्याने म्हण. घशात अडकतं की नाही?

होय तर होय, नाही तर नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि या पत्रात ते मी पुन:पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलास तरी. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने हे कशावर म्हटलं ते आठव. त्या काळी शपथांच्या प्रती ठरलेल्या होत्या. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात त्याचा मासला आहे: मंदिराची शपथ घेतली तर काही नाही, पण मंदिरातल्या सोन्याची घेतली तर बांधील. कुठला शब्द पाळायचा आणि कुठला सोडून दिला तरी चालतो, याचा हिशेबच धार्मिक माणसांनी मांडून ठेवला होता. प्रभूने तो हिशेबच पुसून टाकला. देवापुढे बोललेला एक शब्द आणि गिऱ्हाइकापुढे बोललेला दुसरा, असे दोन प्रकार त्याच्याकडे नाहीत. ‘कामाचा भाग’ म्हणून तू जे बोलतोस ते त्याच जुन्या वहीतलं पान आहे. उपासनेत बोललेलं बांधील, फोनवर बोललेलं काही नाही.

पंधरावं स्तोत्र काढ. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, असा त्यात प्रश्न आहे. उत्तरात होम नाही, उपास नाही, यात्रा नाही. मनापासून खरं बोलणारा, जिभेने चहाडी न करणारा, लाच न घेणारा, आणि स्वतःचं नुकसान झालं तरी दिलेला शब्द न मोडणारा. मी तुझ्याएवढी होते तेव्हा हे स्तोत्र मला फार साधं वाटायचं, ज्यात काहीच घडत नाही असं. आता ते वाचताना माझा आवाज खाली येतो.

हेरांना लपवणाऱ्या राहाबेचं नाव मात्र काढू नकोस. इब्री बाळांना वाचवणाऱ्या मिसरातल्या त्या सुइणींचंही, शिफ्रा आणि पुवाचं. दर वेळी तरुण मुलं त्यांनाच पुढे करतात. त्यांनी राजाला किंवा राजाच्या माणसांना थाप मारली ती जीव वाचवण्यासाठी, आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून. तुझ्या फोनवर कोणाचा जीव वाचतो? वाचतात ती तुझी पाच मिनिटं, आणि समोरच्याचा चढलेला आवाज ऐकायचा त्रास.

पत्रात तू लिहिलं नाहीस, पण पुढचा प्रश्न मला माहीत आहे: मग साहेबांचं काय? साहेबांशी भांडायला कोण सांगतंय? ‘माल अजून निघालेला नाही. का थांबलाय ते बघतो आणि उद्या बारापर्यंत तुम्हाला फोन करतो.’ एवढं बोल. यात कंपनीची नालस्ती नाही, साहेबांची चहाडी नाही. खरी कसोटी पुढे आहे. उद्या बारा वाजतील, तोवर तुला काहीच कळलेलं नसेल. तेव्हाही फोन करायचा. ‘अजून कळलेलं नाही, चारला परत करतो,’ असं सांगायचं, आणि चारला परत करायचा. सांगण्यासारखं काही नसताना केलेला तो फोन कोणी साक्ष म्हणून मंडळीपुढे सांगणार नाही. पण मला विचारशील तर जेवणाच्या सुट्टीतल्या सुवार्तेची सुरुवात तिथे होते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी ऐकत असतोच. तू कुठल्या देवाचा आहेस हे त्याला स्टेटसवरून कळलेलं आहे. तो देव कसा आहे हे त्याला तुझ्या फोनवरून कळणार. आणि साहेबांनी स्पष्टच बजावलं की खोटंच सांग, तर शांतपणे म्हण, ‘मला ते जमणार नाही, बाकी म्हणाल ते काम करतो.’ त्याची किंमत पडू शकते. पडणार नाही असं मी म्हटलं तर मीच खोटं बोलले.

आता आपल्या लोकांचं बोलते, कारण हा रोग ऑफिसापेक्षा मंडळीत जास्त आहे. ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ हे वाक्य उपासनेनंतर दारात किती सहज पडतं! जिने आपलं दुखणं सांगितलं ती बाई ते घेऊन घरी जाते, त्यावर टेकते, आणि आपण चप्पल घालेपर्यंत विसरलेले असतो. याकोबाने आपल्या पत्रात अशांनाच धरलंय. उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव’ म्हणायचं आणि हाताने काही द्यायचं नाही. मी ठरवून टाकलं आहे की हे वाक्य उधार ठेवायचं नाही. तिथेच, दारात उभ्या उभ्या, तिचा हात धरून दोन वाक्यांची प्रार्थना करायची. लोक खोळंबतात, मागून कोणी तरी खाकरतं. खाकरू देत. तेवढाही वेळ नसेल तर मी ते वाक्य बोलत नाही, ‘ऐकून वाईट वाटलं’ म्हणते आणि थांबते. यावरून मला कोरडी म्हणणारे आहेत. म्हणू देत.

पौलावरही शब्द फिरवल्याचा आळ आला होता, हे तुझ्या लक्षात आहे का? करिंथला येईन म्हणाला आणि बेत बदलला. लोक म्हणाले, याचं होय म्हणजे नाही. आपण असतो तर म्हटलं असतं, एवढ्या मोठ्या प्रेषिताने प्रवासाच्या तारखांवरून कशाला सफाई द्यायची? तो देतो. दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात देतो, तिथून थेट ख्रिस्तापर्यंत जातो: देवाची जितकी वचनं आहेत तितक्यांना ख्रिस्तामध्ये ‘होय’ आहे. त्याला भीती होती ती हीच, माझ्या शब्दाचा भरवसा गेला तर मी ज्याची सुवार्ता सांगतो त्याच्या शब्दाचाही जाईल. आणि बेत बदलला तर का बदलला तेही त्याने लपवलं नाही. बेत बदलणं पाप नाही, बाळा. बदलला हे न कळवता समोरच्याला ताटकळत ठेवणं, ते मला सहन होत नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी ‘होय तर होय’ हे वचन शब्दशः धरलं. कोर्टात शपथ घ्यायला ते नकार देत. शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असं कबूल केल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याच नकारापायी 1664 ते 1666 तुरुंगात होता. सगळ्या मंडळ्या ते वचन असं घेत नाहीत, मीही घेत नाही. कोर्टात उभी राहिले तर शपथ घेईन. पण त्यांच्या दुकानांची गोष्ट मला फार आवडते. घासाघीस नाही, एकच भाव. जी किंमत आपण घेणार नाही ती सांगायची कशाला? आधी गिऱ्हाइकं तुटली. मग लोकांना उमगलं की इथे लहान पोराला पाठवलं तरी त्याला कोणी फसवत नाही, आणि दुकानं चालायला लागली. अर्थात चालली नसती तरी भाव एकच असायला हवा होता. प्रामाणिकपणाचा फायदा सांगून प्रामाणिकपणा विकणारे उपदेशक मला आवडत नाहीत.

ब्रदर लॉरेन्सचा दाखला तू दिलाच आहेस. पॅरिसच्या मठातला तो स्वयंपाकी, भांड्यांच्या खणखणाटात देवाच्या सान्निध्यात असणारा. सुंदरच आहे. फक्त स्वयंपाकघरातल्या कामाचा त्याला मुळात तिटकारा होता, हे सांगायचं सगळे विसरतात. आवडतं काम मिळाल्यावर देवाचा मान राखीन, असं तो म्हणाला नाही.

आता माझ्या हट्टाचं. तो तुला गोड वाटेल आणि तू तो जसाच्या तसा उचलशील, म्हणून सांगते. मी मंडळीची सेक्रेटरी होते तेव्हा माझ्या जिवलग मैत्रिणीने मुलासाठी पत्र मागितलं. त्याने बरीच वर्षं शब्बाथशाळेत शिकवलं असं त्यात हवं होतं. त्याने एका नाताळच्या नाटकात पडदे ओढले होते. मी तेवढंच लिहिलं. तिने ते पत्र माझ्या टेबलावरच ठेवलं आणि गेली. त्यानंतर ती उपासनेत दुसऱ्या बाजूला बसायला लागली, आणि आता ती नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात, ‘होय तर होय’ या वचनाच्या जरा वर, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट कर असं आहे. मला पाठ आहे. पण मी खरं तेच लिहिलं होतं, मग पाऊल मी का उचलायचं? पुष्कळ दिवस मी हेच म्हणत राहिले, आणि खरं सांगायचं तर अजूनही अर्धं मन तेच म्हणतं. ते पत्र आज मागितलं तरी मी तसंच लिहीन, एक अक्षर वाढवणार नाही. फक्त आधी तिला आत घेईन, दार लावीन, का लिहिता येत नाही ते सांगीन. कागद पुढे सरकवून मोकळी होणार नाही. इफिसकरांस पत्रात खरं बोला हेही आहे आणि ऐकणाऱ्याची उभारणी होईल असं बोला हेही आहे, एकाच अध्यायात, चार ओळींच्या अंतरावर. मला पहिलं जमलं.

तेव्हा माझ्यासारखा होऊ नकोस असं म्हणणार होते. पण नाही म्हणत. मवाळ होण्याच्या नादात माणसं आधी खरेपणा सोडतात, हेही मी पाहिलंय. तू दोन्ही कर. होय तर होय, पण दार उघडं ठेवून.

राहता राहिलं पाचारण. देव बोलावत असेल तर जा, मी कोण अडवणार? पण तिथेही फोन असतात, अहवाल असतात. सभेला चाळीस माणसं आली असताना ‘शंभरेक’ लिहायचा मोह असतो, आणि तिथे त्याला ‘कामाचा भाग’ न म्हणता ‘प्रभूचं कार्य’ म्हणतात. जिभेची सवय माणसाबरोबर प्रवास करते.

तू पाठवलेला शिफारशीचा फॉर्म मी भरायला घेतला आहे. किती वर्षं ओळखते, मंडळीत काय काय केलंस, गळा कसा आहे, सगळं लिहिलं. उमेदवाराच्या सचोटीविषयीचा रकाना रिकामा ठेवला आहे. शेवटची तारीख तूच कळवली आहेस, अजून बराच अवधी आहे. तोवर त्या फोनांचं काय होतंय ते मला लिही, जसं होईल तसं. नाही जमलं तर नाही जमलं असं लिही. त्यावरून मी तो भरीन.

तुझी,
मावशी