विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून बाबांचा २०१६ चा लॅपटॉप भंगारात काढू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, आय३, ४ जीबी रॅम, स्क्रीनवर सारखा सपोर्ट संपल्याचा मेसेज येतो, दुकानदार म्हणतो हा आता भंगार, एआयवाला नवीन घ्या, आणि बाबा देवस्थानचा जमाखर्च, महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार सभासदांची यादी, मामलेदार कार्यालयाला जाणारी पत्रं सगळं त्याच्यावरच करतात.

माझं मत सरळ सांगतो, नाही, काढू नका. मी गोव्यात फोंड्याला डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम करतो, लग्नपत्रिका, जत्रोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकाची हँडबिलं, त्यामुळे देवस्थानवाल्यांचे लॅपटॉप माझ्या टेबलावर नेहमीच येतात, आणि बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, घाबरलेला माणूस तेवढा समोर असतो.

आधी तो मेसेज. विंडोज १० आलं जुलै २०१५ ला आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही हो, फाइली जात नाहीत, फक्त सुरक्षेतल्या नवीन सापडलेल्या भोकांना ठिगळ लावणं फुकट मिळायचं ते थांबतं. पण ते हलक्यात घेण्यासारखंही नाही, कारण बाबा त्याच्यावर बँक उघडत असतील तर दोन-तीन वर्षं ठिगळ नसलेल्या मशीनवर पासवर्ड टाकत बसणं मला स्वतःला पटणार नाही.

मग विंडोज ११ का घालता येत नाही, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, ती पिढी आली २०१७ मध्ये. तुमचा सहाव्या नाहीतर सातव्या पिढीचा असणार. यूट्यूबवर चेक चुकवून घालायच्या युक्त्या आहेत, चालतातही, पण पुढचा एखादा मोठा अपडेट अडला की बाबा तुम्हाला फोन करणार आणि तुम्ही असणार ऑफिसात, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवर मी तो उद्योग करत नाही.

लगेच करण्यासारखं एक आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट वाढवून दिलेत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, तिथेच नाव नोंदवायची लिंक दिसते, विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. तीस डॉलर भरायचा पर्याय आहे पण भरू नका, सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की तेच फुकटात मिळतं. फक्त त्या नादात बाबांचे सगळे फोटो वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर चढवू नका, फुकटची जागा ५ जीबीच असते, ती भरली की वेगळे मेसेज सुरू. दुकानदार हे सांगत नाही आणि का सांगेल, त्याला लॅपटॉप विकायचाय.

आता लॅपटॉप हळू आहे ही तक्रार खरी असणारच. त्या काळच्या स्वस्त मशीनमध्ये ५४०० फेऱ्यांची फिरती हार्ड डिस्क असायची, सुरू व्हायला चहा करून पिऊन होतो एवढा वेळ. ती काढून २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क घाला आणि स्लॉट असेल तर रॅम ८ जीबी करा, नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे आणि फरक असा पडतो की बाबा विचारतील नवीन आणला काय. झाकण उघडतंयच तर पंखाही साफ करून घ्या, प्रोसेसरवरची उष्णता काढून नेणारी पेस्ट नवी लावायला सांगा. आमच्याकडे चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराचा दमटपणा, किनाऱ्याजवळच्या घरात तर खारं वारं, कनेक्टरवर हिरवट थर चढलेला असतो, तो नुसता पुसला तरी अर्धी नाटकं थांबतात.

वाढीव अपडेटची मुदत संपल्यावर काय, तर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी घालायची फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. ऐकून दचकू नका. पेन ड्राइव्हवर घालून इन्स्टॉल न करताच चालवून बघता येतं, वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का ते आधीच कळतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ४ जीबी रॅम त्याला पुरते, ब्राउझर आणि लिबरऑफिस त्यात आलेलंच असतं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, बाबांना फार परकं वाटणार नाही. आणि गोव्यात हे काही नवं नाही, २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत इथल्या शाळांना परदेशातून दान आलेले जुने कॉम्प्युटर मिळाले होते आणि त्यांच्यावर लिनक्सच घातलं होतं.

पण खरी गोम मराठीत आहे आणि हे तुम्हाला इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगणार नाही. बाबांची जुनी पत्रं कुठल्या फाँटमध्ये आहेत ते आधी बघा. वर्षानुवर्षं टाइप करणारी मंडळी बहुतेक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर आहेत; युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक. तिथे फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फाँट नुसता वरून देवनागरी दाखवतो. म्हणून तर समितीच्या ग्रुपवर कोणी तसा मजकूर कॉपी करून टाकला की कचरा दिसतो आणि सेक्रेटरी लिहितो की काय पाठवलं ते दिसत नाही. लिनक्सवर फाँटची फाइल टाकली की जुनं पत्र उघडून नीट दिसतं, पण टाइप करायला गेलात तर त्या फाँटचं टायपिंगचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा विंडोजशिवाय चालत नाही. वर लिबरऑफिस आपल्या मनाने वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं, म्हणजे आपलं अक्षरच बदलून भलतंच होतं, ते ऑटोकरेक्ट आधी बंद करा. कन्व्हर्टर आहेत, मी रोज वापरतो, नव्वद टक्के काम होतं पण रफार आणि पहिली वेलांटी इकडची तिकडे जाते, जोडाक्षरं तुटतात, महाजनांच्या यादीत एकाचं जरी आडनाव चुकलं तरी सभेत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून रूपांतर झालं की कागदावर प्रिंट काढून बाबांनीच तपासावं, ही सगळी नावं त्यांना पाठ असतात.

नव्याने लिहायचं ते मात्र आजपासूनच युनिकोडमध्ये लिहू दे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी, विंडोजमध्येही आहे आणि मिंटमध्येही, एकदा हात बसला की कुठल्याही मशीनवर तेच. बाबांचं वय जास्त असेल आणि हात जुन्या कीबोर्डवर बसलेला असेल तर जबरदस्ती करू नका, खरंच. माणसाचा तीस वर्षांचा हात बदलायचा तर कारण तेवढं मोठं हवं.

लिनक्स कुणी घेऊ नये तेही सांगतो. हिशोब टॅलीत असेल तर नको. डिजिटल सहीचा डोंगल लावून फॉर्म भरायचे असतील तर नको, ड्रायव्हर मिळतो पण वैताग येतो. काही लोकप्रिय लेझर प्रिंटर पण तिथे फार भाव खातात, लिनक्सवर जाण्याआधी आपला प्रिंटर तपासा. अशा वेळी सेकंडहँड ऑफिसचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लॅपटॉप बघा, विंडोज ११ त्यावर रीतसर चालतं.

आणि तो एआयवाला. मायक्रोसॉफ्ट ज्याला कोपायलट प्लस म्हणते त्या मशीनला १६ जीबी रॅम आणि वेगळा एआयचा प्रोसेसर लागतो, ठीक आहे, व्हिडिओ करणाऱ्याने घ्यावा. अभिषेकाच्या पावत्या आणि वीजबिलासाठी कशाला. माझा राग यावर आहे की चालतं मशीन कंपनीच्या एका तारखेने एका दिवसात निकामी ठरतं आणि आपणही दुकानात जाऊन मान डोलावतो. कागदोपत्री आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम आहेत, २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू, पण केबल जाळून तांबं काढणारेही आहेतच.

एक्सचेंजमध्ये द्यायचं ठरलंच तरी हार्ड डिस्क आधी काढून घ्या, दुकानदार काही म्हणाला तरी. तिच्यात देवस्थानचे आकडे आणि शंभर घरांचे पत्ते-फोन आहेत. तिला यूएसबीचं कव्हर घातलं की बॅकअपसाठी चालते. बाबांचा प्रिंटर कुठला आणि फाँट कुठला ते खाली लिहा, मग कन्व्हर्टर कुठला बरा ते सांगतो.