रायवळ म्हणजे हलक्या प्रतीचे का?

प्रश्न : घराच्या दुरुस्तीसाठी सुताराने दिलेल्या अंदाजपत्रकात ‘दारे – साग, माळ्याच्या फळ्या – रायवळ’ असे लिहिले आहे. रायवळ ही आंब्याची जात ना? मग या फळ्या आंब्याच्या समजायच्या की हलक्या प्रतीच्या? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : रायवळ ही आंब्याची जात नव्हे. हापूस किंवा पायरीची कलमे बांधतात, म्हणून त्यांच्या एका फळावरून दुसऱ्याची चव सांगता येते. कोयीतून उगवलेल्या झाडाबद्दल तसे काहीच सांगता येत नाही. एकाच परड्यातल्या दोन झाडांपैकी एकाचा आंबा साखरेसारखा गोड, तर दुसऱ्याचा गुळाचा खडा टाकल्याशिवाय तोंडात धरवत नाही, असे कोकणात घरोघरी दिसते. अशा नावगाव नसलेल्या सगळ्या आंब्यांना मिळून रायवळ म्हणतात. तेव्हा ‘निवडक नसलेले, सरमिसळ’ हा या शब्दाचा मुख्य अर्थ, आणि स्वस्तपणा त्याच्या मागून आलेला. हापूस पेटीत गवत घालून जपून पाठवतात, रायवळ पाटीत ओततात. साहजिकच भावही तसाच येतो. तरी सासव (मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातले आंब्याचे आंबटगोड तोंडीलावणे) करायचे तर रायवळच हवा, हापुसाचे सासव म्हणजे निव्वळ नासाडी, असे माझे मत आहे. शिवाय हापुसाचे कोय कलम बांधतात तेही बहुधा रायवळाच्या रोपावरच.

लाकडाच्या वखारीतही हाच अर्थ चालतो. साग, शिसव अशी नावाने विकली जाणारी लाकडे बाजूला काढली की उरलेला मिश्र जंगली माल तो रायवळ. त्यात आंबा असेल किंवा नसेलही. माणसांना हे विशेषण लावले की मात्र त्यात तुच्छता येते.

‘सवंग’ या शब्दाची गत याहून वाईट झाली. संस्कृत ‘महार्घ’वरून महाग आला, तसा ‘समर्घ’वरून सवंग, सवंगाई म्हणजे नुसती स्वस्ताई होती. आज सवंग भाजी कोणी म्हणत नाही, सवंग लोकप्रियता म्हणतात. रायवळ अजून तिथवर घसरलेला नाही.

तेव्हा सुताराने शब्द योग्यच वापरला आहे. फळ्या नेमक्या कोणत्या झाडाच्या, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि दर सागाचा लावला असेल तर तेवढे जरूर विचारावे.